शीचा रंग बदलला म्हणून बाळाचं जेवण पातळ करू नका

प्रश्न: मुलगी सात महिन्यांची आहे. जन्मली तेव्हा 2.8 किलो होती, सहा महिने पूर्ण झाले तेव्हा 6.8 आणि परवा 7.1 किलो भरली. महिन्यापूर्वी उष्टावण केलं आणि मऊ भात, नाचणीची खीर, केळं, गाजर सुरू केलं. तेव्हापासून शीला घाण वास येतो, रंग रोज वेगळा असतो, गाजराचे तुकडे तसेच पडतात. एकदा तर काळ्या धाग्यांसारखं काहीतरी दिसलं, मला जंतच वाटले. मध्येच दोन दिवस शी झाली नाही. सासूबाई म्हणतात, "पोरीला पचंना झालंय, डाळीचं पाणी आन् पेज तेवढी दे, गुटी चालू कर." आठवडाभर तेच देतेय. अंगावरचं दूध चालू आहे. पुढं काय करू? (जुळे सोलापूर)

उत्तर:

ताई, तुमच्या मुलीला पचतंय. महिन्यात 300 ग्रॅम वजन वाढलेल्या बाळाला पचत नाही असं म्हणता येत नाही. या वयाच्या मुलींचं वजन सहा ते नऊ महिन्यांत महिन्याला साधारण तेवढंच वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात सहा महिन्यांच्या मुलीचं मधलं वजन 7.3 किलो आणि नऊ महिन्यांच्या मुलीचं 8.2 किलो आहे. तुमची लेक त्याच्या थोडी खाली आहे, पण स्वतःच्या रेषेवर चढते आहे. जन्माला 2.8 किलो असलेल्या मुलीनं असंच चढावं. त्यामुळे तुम्ही लिहिलेल्या शीच्या सगळ्या वर्णनात मला काळजीचं काही दिसलं नाही. काळजीचं आहे ते तुमच्या पत्राच्या शेवटी: आठवडाभर डाळीचं पाणी आणि पेज.

आधी शीचं बघू, कारण तुमचा जीव तिथं अडकलाय.

सहा महिने बाळ फक्त अंगावर पीत होतं. आईच्या दुधातलं जवळजवळ सगळं शोषलं जातं, चोथा असा उरतच नाही, म्हणून ती शी पिवळी, सैल आणि आंबूस वासाची असते. घरात कुणाचं नाक मुरडत नाही. वरचं अन्न सुरू झालं की आतड्यातल्या जिवाणूंची वस्ती बदलते. डाळीतली प्रथिनं, भाज्यांचा चोथा यांवर ते काम करू लागतात आणि शीला मोठ्या माणसासारखा वास येऊ लागतो. हा वास म्हणजे सडलेलं अन्न नव्हे. रंगाचंही तसंच. अन्न आतड्यातून जरा लवकर पुढं सरकलं की पित्ताचा हिरवा रंग तसाच राहतो, सावकाश सरकलं की तपकिरी होतो. पालक दिला की हिरवी, बीट दिलं की लाल. बीट दिल्याचं विसरून रक्त पडतंय म्हणून रात्री धावत येणारे आईबाप दर हिवाळ्यात भेटतात.

गाजराच्या तुकड्यांचं म्हणाल तर गाजर, टोमॅटोची साल, वाटाण्याचं टरफल, मक्याचा दाणा यांच्यावरचा चोथा तुम्हाआम्हालाही पचत नाही. आपण चावून त्याचा भुगा करतो म्हणून तो दिसत नाही. बाळाला दात नाहीत, ते तुकडा गिळतं. आतला गर शोषला जातो, बाहेरचं नारिंगी आवरण दुसऱ्या दिवशी डायपरमध्ये. तुम्हाला ते बघवत नसेल तर गाजर वाफवून पुरणयंत्रातून काढा. पण तुकडे दिसले म्हणून गाजर बंद करायचं कारण नाही.

आणि ते काळे धागे. ते केळ्याचे आहेत. केळ्याच्या मधोमध जो बारीक बियांचा भाग असतो, तो आतड्यातून जाताना काळा पडतो आणि दोरीच्या तुकड्यांसारखा बाहेर येतो. पुन्हा दिसले तर पाण्यात टाकून पाहा. ते हलत नाहीत, टोकं निमुळती नसतात, बोटांत धरून चिमटलं तर तुटतात. ज्या दिवशी केळं दिलं नाही त्याच्या दोन दिवसांनी ते दिसत नाहीत, हा आणखी सोपा पुरावा. जंताचं औषध सात महिन्यांच्या बाळाला घरच्या घरी अजिबात देऊ नका. राष्ट्रीय कार्यक्रमातसुद्धा ते वर्ष पूर्ण झाल्यावरच देतात.

"खाल्लं की लगेच शी करते, पोटात काही ठरतच नाही" ही तक्रारही ओपीडीत रोज असते. तुम्ही ती लिहिली नाही, पण पुढच्या महिन्यात लिहाल. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलतं, हे शरीराचं ठरलेलं काम आहे. आत्ता खाल्लेलं आत्ता बाहेर पडत नाही, बाहेर पडतं ते आधीचं.

दिवसातून तीन वेळा शी झाली तरी चालतं, दोन-तीन दिवसांतून एकदा झाली तरी चालतं. मोजायचं ते किती वेळा हे नाही, कशी झाली हे. दोन दिवसांनी झाली आणि मऊ झाली तर तो बद्धकोष्ठ नव्हे. बाळ शी करताना चेहरा लाल करतं, कण्हतं, कारण त्याला आडवं पडून जोर लावायचा असतो आणि त्याच वेळी खालचे स्नायू सैल सोडायला ते शिकत असतं. शी लेंडीसारखी, गोळ्या-गोळ्यांची, कडक झाली, रडून रडून झाली किंवा वरून रक्ताची बारीक रेघ दिसली, तर तो बद्धकोष्ठ. त्याची कारणं आपल्याकडे बहुतेक तीनच असतात: नुसता भात-केळं-रवा, पाणी न देणं आणि गाईम्हशीचं दूध. तुमच्या पत्रात पहिलं आहेच. दुसऱ्याचं तुम्ही लिहिलं नाही, पण बहुतेक घरी सहा महिन्यांनंतरही "दुधात पाणी असतंच की" म्हणून पाणी देतच नाहीत. जेवणाबरोबर दोन-चार चमचे उकळून गार केलेलं पाणी द्या. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत जेवणाच्या मध्येही द्या आणि अंगावर जास्त वेळा घ्या. भातात डाळ आणि भाजी घाला, तूप किंवा तेल घाला, पपई द्या, चार काळ्या मनुका रात्री भिजवून सकाळी कुस्करून, बिया आणि साल गाळून द्या. विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून घालणं, साबणाची वडी लावणं हे प्रकार थांबवा. एकदा केलं की शी होते हे खरं, पण तिथली नाजूक त्वचा सोलली की बाळ दुखण्याच्या भीतीनं शी दाबून धरतं आणि खरा बद्धकोष्ठ तिथून सुरू होतो.

आता डाळीच्या पाण्याकडे येते. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण सोलापुरात मला दिसणारी बारीक, फिकट, चिडचिडी बाळं अतिसारानं कमी आणि "पचेल का" या भीतीनं जास्त झालेली असतात. भीतीचा क्रम ठरलेला आहे. शीचा रंग बदलतो, घरातलं मोठं माणूस "जड पडलं" म्हणतं, जेवण पातळ होतं, पातळ जेवणानं पोट भरतं पण बाळ वाढत नाही, भुकेनं रात्री उठतं, मग "पोट दुखतंय" म्हणून गुटी. नवव्या महिन्यात माझ्याकडे येतं तेव्हा वजन सहाव्या महिन्याइतकंच असतं.

हिशेब साधा आहे. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला अंगावरच्या दुधाशिवाय वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे 200 उष्मांक लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत सुमारे 300 आणि वर्ष झाल्यावर साडेपाचशेच्या आसपास. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम वाटीभर मावतं. त्यात सगळं पाणीच भरलं तर 200 उष्मांक येणार कुठून? वरणावरच्या निवळीत डाळ नसते, डाळीचा रंग असतो. आईचं दूध त्या निवळीपेक्षा कितीतरी पौष्टिक आहे. म्हणजे ती निवळी पाजून आपण बाळाच्या पोटातून चांगलं दूध हटवतो आणि त्या जागी पिवळं पाणी भरतो. तीच डाळ गाळल्याशिवाय भातात कुस्करून, वर चमचाभर तूप सोडून दिली तर तेवढ्याच वाटीत काम होतं. एका छोट्या चमच्यात 5 ग्रॅम तूप असतं आणि त्याचे 45 उष्मांक होतात. तूप बाळाला जड पडत नाही. आईच्या दुधातले निम्म्याच्या आसपास उष्मांक स्निग्ध पदार्थांचेच असतात आणि ते बाळाला जन्मल्या दिवसापासून पचतात.

घट्टपणा कसा ओळखायचा? चमचा भरून आडवा-तिरका करा. अन्न चमच्यावर टिकलं पाहिजे, हळूच ओघळलं तर चालेल, पाण्यासारखं धावलं तर परत कुस्करा. मिक्सरमध्ये फिरवून पेस्ट करू नका, निदान रोज तरी नको. हातानं किंवा चमच्यानं कुस्करलेला गुरगुट्या वरणभात, त्यात बारीक कण राहिलेले बरे. आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत बाळाला कणांची सवय लागली नाही तर पुढं वर्षाचं मूलही घास तोंडात धरून बसतं आणि आई मिक्सर घेऊन माहेरी जाते.

बाळानं पहिल्या घासाला जीभ बाहेर काढून अन्न ढकललं, तोंड वेडंवाकडं केलं, एखादी उबळ आली, तर ते नको म्हणत नाहीये. जिभेनं ढकलणं ही लहानपणीची सवय सुटत असते. उबळ येताना बाळ आवाज करतं, लाल होतं, स्वतः सावरतं. घास खरोखर अडकला तर आवाज बंद होतो, ते निळसर पडू लागतं. हा फरक घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. एखादी चव आवडली नाही तर आठ-दहा वेळा तरी वेगवेगळ्या दिवशी देऊन बघायची, पण कोंबायची नाही, नाक दाबून तर कधीच नाही.

प्रमाण विचारलं नाहीत तरी लिहिते. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, मग आठ महिने होईतो दिवसातून दोन-तीन वेळा अर्धी वाटी. वाटी म्हणजे 250 मिलिलिटरची. नऊ महिन्यांपासून तीन-चार वेळा, अर्धी ते पाऊण वाटी, मधे एखादं फळ. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी. बाटली नको, वाटी-चमचा. आणि अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढंही चालू राहू द्या. त्या दुधात पिष्ट आणि स्निग्ध पचवायला मदत करणारी विकरंही (एन्झाइम) असतात. म्हणजे तुम्ही तिला अन्न देता आणि ते पचवायचं सामानही देता.

नाचणीची खीर चांगलीच आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, धान्यांत तिला तोड नाही. पण खीर शिजली की घट्ट गोळा होतो, मग आपण पाणी घालत जातो आणि पुन्हा तेच पातळ प्रकरण. त्यावरचा उपाय आपल्या आज्यांना ठाऊक होता: सत्त्व. नाचणी भिजवा, मोड आणा, सावलीत वाळवा, मंद भाजा, दळून चाळा. मोड येताना धान्यात पिष्ट तोडणारं विकर तयार होतं. घट्ट शिजवलेली खीर आचेवरून उतरवून कोमट झाली की तिच्यात या पिठाची अर्धा चमचा भुकटी घालून ढवळा. दोन-चार मिनिटांत खीर डोळ्यांदेखत सरसरीत होते, पाण्याचा थेंब न घालता. मग पुन्हा एक उकळी आणा, म्हणजे कच्चं पीठ पोटात जाणार नाही. उकळत्या खिरीत टाकलं तर विकर मरतं आणि काहीच होत नाही, ही गंमत करून बघाच.

पण ज्वारीच्या बाबतीत हे करू नका. आपली मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी धान्य म्हणून उत्तम आहे आणि बाळाला ज्वारीच्या पिठाची पेज घट्ट करून, नाहीतर भाकरीचा पापुद्रा काढून आतला मऊ भाग वरणात भिजवून जरूर द्या. मोड मात्र काढायचे नाहीत. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात सायनाइड तयार करणारा घटक असतो. गावाकडच्या माणसाला हे समजावावं लागत नाही, कोवळी ज्वारी खाऊन जनावराला किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, हे तो जाणतो. यूट्यूबवर मात्र "मोड आलेल्या सर्व धान्यांचं सत्त्व" सांगणारे खूप आहेत.

मूगडाळीबरोबर मसूर, तूरही द्या. पहिल्या वर्षात वरून मीठ नको, साखर-गूळही नको. मुलगी अळणी खाते म्हणून तुम्हाला वाईट वाटेल, तिला वाटत नाही, तिनं खारट चाखलेलंच नाही. उष्टावणाच्या दिवशीची चांदीच्या वाटीतली चमचाभर गोड खीर झाली ती झाली, रोजचा नेम नको. मध तर वर्ष होईपर्यंत बोटाला लावूनसुद्धा नाही. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम होऊ शकतो आणि त्यात स्नायू लुळे पडतात. गाईम्हशीचं दूध प्यायला वर्षानंतर. त्याआधी खिरीत थोडं, किंवा घरच्या दह्याचे दोन चमचे चालतात.

शेंगदाण्याशिवाय सोलापूरचं घर असत नाही, म्हणून हेही सांगते. पूर्वी आम्ही डॉक्टर शेंगदाणे उशिरा द्या म्हणायचो. 2015 साली इंग्लंडमधल्या 'लीप' अभ्यासात ते उलटं निघालं. ज्या बाळांना ॲलर्जीचा धोका जास्त होता, त्यांना वर्षाच्या आतच शेंगदाणे नेमानं दिले तर पुढं शेंगदाण्याची ॲलर्जी जवळजवळ ऐंशी टक्क्यांनी कमी झाली. म्हणून सहा महिन्यांनंतर भाजलेल्या शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट, कोमट पाण्यात कालवून सरसरीत करून, आधी चमच्याचं टोक, मग अर्धा चमचा, वरणभातात मिसळून द्या. दाणे बुरशी न लागलेले, सुरकुतलेले बाजूला काढलेले हवेत. अख्खा दाणा, अर्धा दाणा, हुरड्याचा दाणा पाच वर्षांखालच्या मुलाच्या हाती नको, तो श्वासनलिकेत गेला की सरळ ऑपरेशन टेबल. आणि शेंगाचटणी म्हणजे शेंगदाणे नव्हेत. बाळाच्या जिभेला चटणीचं बोट लावून गंमत बघणारा एक काका प्रत्येक घरात असतो, त्याला आवरा. मुलीला अंगावर खूप खरजेसारखं इसब असेल तर मात्र शेंगदाणे आणि अंडं सुरू करण्याआधी दाखवून घ्या.

नवा पदार्थ सकाळी द्या, म्हणजे दिवसभर लक्ष राहतं. एका वेळी एकच नवा, तीन दिवस तोच, मग पुढचा. अंगावर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, खाल्ल्यावर तासा-दोन तासांत उलट्यांवर उलट्या झाल्या, तर तो पदार्थ थांबवायचा आणि दाखवायचं. ओठ-जीभ सुजून श्वासाला त्रास झाला तर वाट न बघता दवाखाना. आंबट खाल्ल्यावर हनुवटीभोवती आलेली लाली म्हणजे ॲलर्जी नव्हे, ती पुसली की जाते.

तुमच्या पत्रात लोहाचा उल्लेखच नाही आणि माझ्या मते या वयातला खरा प्रश्न तोच आहे. आईच्या पोटातून आणलेला लोहाचा साठा सहा महिन्यांत संपत येतो. दुधात लोह कमी, भातात कमी, केळ्यात कमी. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभरातल्या 67 मुलांना रक्तक्षय होता आणि सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी जेमतेम शंभरात 11. तुम्ही मांसाहारी असाल तर मटणाचा मऊ शिजवलेला खिमा, बिनतिखटाचा, किंवा आठवड्यातून एकदा चमचाभर कलेजी कुस्करून द्या. पूर्ण उकडलेलं अंडं, पिवळं आणि पांढरं दोन्ही. शाकाहारी असाल तर डाळ, पालेभाजी आणि वर लिंबाचे चार थेंब. लिंबाआवळ्यातलं क जीवनसत्त्व असलं की डाळीतलं लोह जास्त शोषलं जातं. चहा त्याच्या उलट करतो, म्हणून चहात बुडवलेली खारी-बिस्किटं बंद. "दोन घोट चहानं काय होतंय" म्हणत आपल्याकडे ती सहाव्या महिन्यातच सुरू होतात. सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा लोहाचं सिरप, 1 मिलिलिटर, आशाताईंकडून मिळतं. ते घ्या. त्यानं शी काळपट-हिरवी होईल, त्याला घाबरू नका. ताप किंवा मोठं आजारपण असेल तेवढे दिवस थांबवा. ड जीवनसत्त्वाचे थेंब पहिलं वर्षभर रोज चालू ठेवा, इथलं ऊन कितीही कडक असलं तरी.

सासूबाईंच्या गुटीबद्दल. सहाणेवर वेखंड, हिरडा, मुरडशेंग, जायफळ उगाळून देणं ही त्यांची माया आहे, मी त्यांच्याशी भांडत नाही. पण सहाण कुठं ठेवलेली असते, कुठल्या पाण्यानं उगाळतात, तीच मुळी गेल्या नातवंडापासून डब्यात आहे का, हे विचारून बघा. बाळाच्या पोटात जंतू जायचा तो सोपा रस्ता आहे. शिवाय किती उगाळलं याला माप नाही आणि जायफळ जास्त झालं तर बाळ गुंगतं. ग्राइप वॉटरनं गॅस जातो याला आधार नाही. पोट फुगल्यासारखं वाटलं तर ढेकर काढा, पालथं झोपवून खेळवा, पाय सायकलसारखे फिरवा. हिंगाचा लेप बेंबीभोवती लावायची हौस असेल तर लावा, पोटात मात्र हिंग नको. सासूबाईंना गुटीऐवजी नाचणीचं सत्त्व करायला सांगा. ते काम त्यांच्याइतकं नीट तुम्हाला जमणार नाही आणि तसं त्यांना सांगितलंत तर अर्धं भांडण मिटतं.

खरा अतिसार झाला तर कसा ओळखायचा? नेहमीपेक्षा एकदम पातळ, पाण्यासारखी, नेहमीपेक्षा जास्त वेळा. या शहरात त्याचं मोठं कारण पाणी आहे. नळाला काही दिवसांआड पाणी, तोवर पिंप, घागरी, टाकी, आणि त्यात बुडणारे दहा हात. बाळाचं पाणी वेगळं उकळा, झाकण असलेल्या अरुंद तोंडाच्या भांड्यात ठेवा, लांब दांड्याच्या डावानं काढा, रोज बदला. भरवण्याआधी साबणानं हात धुवा, तिचेही. पूर्व भागातून विड्या वळणाऱ्या आया येतात, त्यांना मी नखांच्या कडा घासून धुवायला लावते. पदराला हात पुसून तंबाखू जात नाही, तो घासाबरोबर बाळाच्या पोटात जातो. उन्हाळ्यात शिजवलेलं अन्न तासाभराहून जास्त वेळ बाहेर ठेवून बाळाला देऊ नका, उष्टी वाटी संध्याकाळसाठी झाकून ठेवू नका.

अतिसारात जेवण थांबवायचं नाही. दूध चालू, वरणभात-खिचडी चालू, थोडं थोडं जास्त वेळा. ओआरएसची पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, अर्धी पुडी अर्ध्या लिटरात असं अंदाजानं नाही. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. प्रत्येक पातळ शीनंतर 50 ते 100 मिलिलिटर, चमच्या-चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. फळांच्या चवीची गोड तयार पेयं ओआरएस म्हणून देऊ नका, त्यातली साखर जुलाब वाढवते. जस्ताची (झिंक) गोळी सहा महिन्यांवरच्या बाळाला 20 मिलिग्रॅम, रोज एक, चौदा दिवस, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी. बरं झाल्यावर दोन आठवडे एक जेवण जास्त. जुलाब थांबवायचं औषध आणि स्वतःहून आणलेलं प्रतिजैविक, दोन्ही नको.

दात येताना जुलाब होतात असं सगळे सांगतील. दातांनी जुलाब होत नाहीत. या वयात बाळ हाताला येईल ते तोंडात घालतं आणि आईकडून आलेली प्रतिकारशक्ती त्याच सुमारास कमी होत असते, दोन्ही एकाच वेळी घडतं एवढंच. "दातांचे आहेत" म्हणून चार दिवस थांबलेलं बाळ सुकून येतं.

थांबायचं नाही अशा गोष्टी: शीमध्ये रक्त किंवा शेंबूड, हिरवी उलटी, पोट टम्म आणि कडक, सहा तास लघवी नाही, डोळे खोल, बाळ मलूल किंवा काही पीतच नाही, शी पांढरी-चुन्यासारखी, लोह चालू नसताना डांबरासारखी काळी. आणि एक विशेष. बाळ अधूनमधून एकदम पाय पोटाशी घेऊन किंचाळतं, मग पाच-दहा मिनिटं शांत, पुन्हा तेच, चेहरा पांढरा पडतो, नंतर कधी लाल जेलीसारखी शी होते. यात आतडं आतड्यात शिरलेलं असू शकतं, साधारण सहा महिने ते दोन वर्षं या वयात हे होतं. जेलीची वाट न बघता त्याच तासाला सिव्हिलला किंवा जिथं सोनोग्राफी आणि मुलांचा सर्जन आहे तिथं जा. लवकर गेलं तर बहुतेकदा ऑपरेशनशिवाय सुटतं.

तुम्ही आजच संध्याकाळपासून निवळी बंद करा. मूगडाळ-तांदळाची मऊ खिचडी, तूप, लिंबाचे थेंब, दोन वेळा अर्धी वाटी. सकाळी नाचणी. तीन दिवसांनी अंडं किंवा शेंगदाण्याचं कूट, दोन्ही एकदम नाही. शी दोन-चार दिवस पुन्हा रंग बदलेल. वजन रोज करू नका, पंधरा दिवसांनी त्याच काट्यावर, डायपर काढून, अंगणवाडीत केलं तरी चालेल, आणि बाळाच्या वाढीच्या कार्डावर टिंब काढून घ्या. महिन्याभरात 200 ग्रॅमही वाढलं नाही तर कार्ड घेऊन या. शीबद्दल शंका आली तर डायपर पिशवीत घालून आणू नका, उजेडात मोबाइलवर फोटो काढा आणि आदल्या दोन दिवसांत काय काय भरवलं ते कागदावर लिहून आणा.